मेंढरं कुणाची

बनाबाईला कुणी घरचं विचारलं, तर ती आधी मेंढरांचं सांगायची आणि मग माणसांचं. मंगळवेढ्याच्या पलीकडं, माळावर, धनगरांच्या पाच-सहा खोपटांची त्यांची वाडी होती. बापाच्या घरी मेंढरं, सासरी मेंढरं. चालता चालता ती लोकरीचं सूत काढायची. हातात सूत कातायची चाती गरगरत असायची आणि नजर कळपावर. अंगानं उंच, काटक. नवरा बिरप्पा तिच्यापेक्षा बोटभर ठेंगणा, आणि बोलायला तर फारच कमी. एकुलती लेक फुलाबाई नातेपुत्याकडं दिली होती. ती सणासुदीला आली तर आली.

बिरप्पाचा थोरला भाऊ निंगप्पा शेजारच्याच खोपटात राहायचा. दोघा भावांचा कळप एक. कुठली मेंढी कुणाच्या वाट्याची, हे त्या घरात कधी निघालंच नव्हतं. सरकारी चराईची पावती निंगप्पाच्या नावानं फाटायची, कारण तो थोरला आणि कचेरीत जाऊन उभं राहायची हिंमत त्यालाच होती. थोरल्या दिरासमोर बनाबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून घ्यायची. त्याच्याशी थेट बोलायची पद्धत नव्हती. काही सांगायचं झालंच तर जावेला, केराबाईला सांगायचं, नाहीतर नवऱ्याला.

एकोणीसशे तीस साल उलटून गेलं होतं. त्या वर्षी शाळू निघाल्यावर दोघं भाऊ कळप घेऊन सोलापूरच्या बाजूला आले होते. रान मोकळं झालं की शेतकरी बोलवायचे. मेंढरं रात्रभर शेतात बसवली की लेंडीचं खत पडतं, आणि बदल्यात धनगराला दाणे मिळतात. त्या रस्त्यावर तोवर बैलगाड्यांचाच राबता होता. गिरण्यांना कापूस पुरवणाऱ्या अडत्यांनी नुकत्याच लॉऱ्या घेतल्या होत्या. लांबून घरघर ऐकू आली की मेंढरं बिथरायची, म्हणून बिरप्पा आवाज आल्याबरोबर कळप रस्त्याखाली उतरवायचा.

त्या पहाटे आवाज उतारावरून आला, आणि उशिरा आला. तांबडं फुटायचं होतं. एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायला कळप रस्त्यावर घातलेला, निंगप्पा पलीकडं जाऊन पोचलेला, बनाबाई सामानाचं तट्टू धरून मागं, आणि बिरप्पा मधोमध. लॉरीला दिवे नव्हते. बिरप्पाला बाजूला उडी मारता आली असती. त्यानं उडी मारली नाही, हातातली काठी आडवी धरून मेंढरं ढकलत राहिला.

लॉरी पुढं जाऊन थांबली. एक माणूस खाली उतरला, मागं वळून बघितलं, परत चढला आणि लॉरी निघून गेली.

जवळच्या वस्तीवरून एका शेतकऱ्यानं गाडी जुंपली. सोलापूरपर्यंत निंगप्पा भावाचा पाय मांडीवर धरून बसला होता. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून पाय कापला. लॉरी कुणाची ते शोधायला पोलिसांना वेळ लागला नाही. शहराच्या नाक्यावरच्या शिपायानं तिच्या पुढच्या जाळीत लोकर अडकलेली बघितली होती.

बिरप्पा शुद्धीवर आला तेव्हा बनाबाई खाटेखाली बसली होती. त्यानं आधी किती मेंढरं गेली ते विचारलं. तिनं सांगितलं. मग त्यानं चादरीवरून हात फिरवला आणि जिथं पाय असायला हवा तिथं हात थांबला.

काही दिवसांनी लॉरीच्या मालकाचा मुनीम दवाखान्यात आला. धोतर पांढरंशुभ्र, बोलणं गोड. त्यानं एक कागद काढला आणि शाईची डबी.

"मालकांना फार वाईट वाटलं बघ," तो बनाबाईला म्हणाला. "दवाखान्यातच रोख देतो म्हणाले. ह्याच्यावर नवऱ्याचा अंगठा कर. एकदा घेतलं की पुन्हा तक्रार करायची नाही, एवढंच."

बिरप्पा तापात होता. मुनीम त्याचा हात धरायला वाकला, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. नरसय्या त्याचं नाव, जातीनं पद्मसाळी, हातमागावर लुगडी विणणारा. त्याची मराठी तेलुगूच्या वळणाची होती.

"अक्का, अंगठा देऊ नको. आधी वकीलला विचार. माझा भाऊचा बोट गिरणीत गेला, त्यानं पण असाच अंगठा दिला. बोट गेला, अंगठा पण गेला."

बनाबाईनं नवऱ्याचा हात चादरीखाली सारला. "इचारून सांगते," ती मुनिमाला म्हणाली. तो कागद घडी घालून निघून गेला.

नरसय्यानंच तिला वकिलाचं घर सांगितलं. वेणीमाधव करकंबकर. आजोबा करकंबहून सोलापुरात आले, वडील शाळामास्तर, आणि हे घराण्यातले पहिले वकील. वकिली बेताची चाले. बांधाचे तंटे, घरभाड्याची भांडणं. पण ऐकून घेतात, असा त्यांचा लौकिक होता. बनाबाई त्यांच्या ओसरीच्या पायरीवर बसली. वर बसायला सांगितलं तरी बसली नाही.

"काय झालं ते पहिल्यापासून सांग," वकील म्हणाले.

तिनं मेंढरांपासून सुरुवात केली. कुठली गाभण होती, कुठली पहिल्यांदाच व्यालेली. वकिलांनी तिला मध्ये तोडलं नाही. तिचं सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि नवरा?"

"त्याचा पाय गेला," ती म्हणाली, आणि मग तिला पुढं बोलता येईना. वकिलांच्या पत्नी अनसूयाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचं भांडं आणून पायरीवर ठेवलं.

वकिलांनी सावकाश समजावलं. फौजदारी खटला सरकार चालवेल. ड्रायव्हरला शिक्षा झाली तर होईल, पण त्यानं बिरप्पाच्या पोटाची सोय होणार नाही. मालकाकडून भरपाई घ्यायची तर दिवाणी कोर्टात दावा लावावा लागेल, तोही वर्षाच्या आत.

"मग लावा की," बनाबाई म्हणाली.

"दाव्याला कोर्टाची फी भरावी लागते. जेवढी भरपाई जास्त मागू, तेवढी फी जास्त."

"आन् तुमची?"

"माझी राहू दे. मी सरकारची सांगतोय." ते थोडं थांबले. "ज्याच्याजवळ काही नाही, त्याला फी माफ असते. त्याला नादारीचा अर्ज म्हणतात. बिरप्पानं शपथेवर सांगायचं, की फी भरण्याइतकं माझ्याजवळ काही नाही."

बनाबाईला ते रुचलं नाही. तिच्या घरात दिवा विझवला असंसुद्धा कुणी म्हणत नसे, 'वाढवला' म्हणत. आपल्याजवळ काही नाही असं आपल्याच तोंडानं, तेही देवाची शपथ घेऊन म्हणायचं?

"मेंढरं हायती की, सायेब."

"किती?"

"हायती. आमच्यात मोजून सांगत न्हाईत."

वकिलांनी पुन्हा विचारलं नाही. चराईची पावती कुणाच्या नावानं असते, एवढंच विचारलं. तिनं थोरल्या दिराचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा खुलला. "मग वाट आहे. कागदावर कळप निंगप्पाचा आहे. बिरप्पानं तेवढंच सांगायचं, की पावती थोरल्या भावाच्या नावावर आहे. त्यात खोटं काहीच नाही."

दवाखान्याच्या आवारात तिनं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा निंगप्पाही तिथंच होता. तिनं भिंतीकडं तोंड करून सांगितलं, दोघांना ऐकू जाईल असं.

"म्हणू दे की," निंगप्पा म्हणाला. "नावानं काय व्हतंय? कोकरू नाव बघून दूध पितंय व्हय?"

बिरप्पानं मान वळवली. दोघांनी तो होकार धरला.

फौजदारी खटला पावसाळ्यात उभा राहिला. मालकाच्या वकिलानं सांगितलं, मेंढरं एकाएकी रस्त्यात आली. ड्रायव्हर खाली मान घालून उभा होता, मध्यमवयाचा, गालफडं बसलेला माणूस. त्याला दंड झाला आणि थोडी कैद. कोर्टाच्या जिन्यावर पोलीस त्याला नेत असताना तो बिरप्पासमोर थांबला.

"मालिक बोल्या था, उजाला होने के पैले माल गिरनी में पौंचना," तो म्हणाला. "बत्ती का बोल्या तो बोले, बाद में देखेंगे. मैं क्या करूँ भाई. मैं देख्याच नै."

वेणीमाधव वकील मागंच होते. त्यांनी त्याला विचारलं, दिवाणी दाव्यात हेच सांगशील का? तो म्हणाला, त्याला लेकरं आहेत. मग पोलिसानं त्याला पुढं ढकललं.

"समन्स काढून बोलवीन त्याला," वकील बनाबाईला म्हणाले. "मालकाच्या सांगण्यावरून दिव्याशिवाय लॉरी हाकली, हे कोर्टासमोर आलं की झालं. आधी आपला दावा आत तर जाऊ दे."

नादारीचा अर्ज दिवाळीनंतर दाखल झाला. तारखा पडत गेल्या. दर तारखेला वाडीवरून गाडी करून यायचं, गावाबाहेर मुक्काम करायचा, आणि कोर्टाच्या फाटकापासून आवारापर्यंत निंगप्पानं भावाला पाठीवर घ्यायचं. बिरप्पाला कुबड्या होत्या, पण त्यांची सवय होत नव्हती. काखेत सोलून निघायचं. इतकी वर्षं दिवसभर चालणारा माणूस तो. वाडीवर दिवसच्या दिवस खोपटाच्या दाराशी बसून असायचा. कळप सकाळी बाहेर पडला की दिसेनासा होईपर्यंत बघायचा.

संक्रांत होऊन गेल्यावर एका तारखेला अर्जाची सुनावणी निघाली. सकाळी आवारातल्या कडुनिंबाखाली निंगप्पानं भावाला घोंगडं पसरून बसवलं. बिरप्पाला तहान लागली, म्हणून तो पाणी आणायला गेला. बनाबाई थोडी पलीकडं भाकरीचं फडकं सोडत होती. कोर्टातून चार-पाच माणसं हसत बाहेर आली. त्यांच्या मनासारखं काहीतरी झालं असावं. त्यातल्या एका फेटेवाल्यानं जाता जाता खिशात हात घातला, आणि बिरप्पाच्या घोंगड्यावर एक पैसा टाकला.

बिरप्पा पैशाकडं बघत राहिला. बनाबाई धावत आली, पैसा उचलून त्या माणसामागं गेली, पण फाटकाबाहेरच्या गर्दीत तो सापडला नाही. तिनं पैसा तिथंच गटारात टाकला. परत आली तेव्हा बिरप्पानं धूळ झटकावी तसं घोंगडं दोनदा झटकलं.

"भावाला सांगू नगंस," तो म्हणाला.

निंगप्पा तांब्या घेऊन आला. बिरप्पा पाणी प्यायला नाही.

दुपारी पुकारा झाला. मुन्सफ तरुण होते, चष्मेवाले. बिरप्पाला बाकावर बसून बोलायची परवानगी त्यांनी आपणहून दिली. त्याला शपथ देण्यात आली. सरकारी वकील वयस्कर गृहस्थ, त्यांनी अगदी शांतपणे विचारलं.

"घर?"

"खोपटं हाय."

"जमीन?"

"न्हाई."

"मेंढरं आहेत का?"

"पावती थोरल्या भावाच्या नावावर हाय," बिरप्पा म्हणाला. वेणीमाधव वकिलांनी सुस्कारा सोडला. मागच्या बाकावर निंगप्पानं मान डोलावली.

सरकारी वकील खाली बसले. मग लॉरीमालकाचा वकील उठला.

"तुझ्या मालकीचं काहीच नाही?"

बिरप्पा त्याच्याकडं बघत राहिला.

"एक मेंढरूसुद्धा नाही? म्हणजे तू भिकारी आहेस, असं तुझं म्हणणं?"

वेणीमाधव वकील हरकत घ्यायला उठले. मुन्सफांनी प्रश्न नीट विचारायला सांगितलं. तेवढ्या वेळात बिरप्पानं बाकाचा काठ धरला आणि एका पायावर उभा राहिला. त्याला उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मेंढरं हायती," तो म्हणाला.

"कुणाची?"

"माजी."

"साहेब, एकत्र कुटुंब आहे," वेणीमाधव वकील घाईनं म्हणाले, "अर्जदाराला म्हणायचंय—"

"त्याला बोलू द्या," मुन्सफ म्हणाले, आणि बिरप्पाकडं वळून त्यांनी स्वतः विचारलं, "नीट सांग. मेंढरं तुझ्या भावाची, दोघांची, की तुझी?"

"माजी हायती," बिरप्पा म्हणाला. "म्या भिकारी न्हाई."

बनाबाईनं दिराकडं बघितलं. एरवी ती कधी बघत नसे. निंगप्पा समोरच्या भिंतीकडं बघत होता. पाय गेल्या दिवसापासून वर्षभर तोच दोघांचा कळप राखत आला होता. त्याच्या दोन्ही पोरांनी चुलत्याच्या मेंढरांसाठी उपाशीपोटी रानं तुडवली होती.

बाहेर आल्यावर वेणीमाधव वकील पायरीवर बसले. "बिरप्पा, एक वाक्य..." असं म्हणून ते थांबले. घोंगड्यावर पडलेल्या पैशाचं त्यांना ठाऊक नव्हतं. फाटकापर्यंत जायचं होतं. निंगप्पा वाकला, बिरप्पानं त्याच्या गळ्यात हात टाकले, आणि त्यानं भावाला पाठीवर घेतलं, नेहमीसारखंच. गाडीत ठेवल्यावर मात्र तो त्यांच्याबरोबर बसला नाही. वाडीपर्यंत गाडीमागून चालत आला.

अर्ज नामंजूर झाला. फी भरायला कोर्टानं मुदत दिली. बनाबाई एकटी वकिलांकडं आली. मधल्या काळात त्यांनी मालकाकडं तडजोडीचा निरोप पाठवून बघितला होता. मुनिमाचं उत्तर आलं होतं: तेव्हा अंगठा केला असता तर मिळालं असतं.

"मेंढरं इकून फी भरली तर?" तिनं विचारलं.

"तर दावा उभा राहील. मालक लढेल. इथं जिंकलो तरी तो वरच्या कोर्टात जाईल, मग मुंबईला. वर्षं जातील. तो ड्रायव्हर तुरुंगातून सुटून कुठं गेला तेही कळत नाही." वकिलांनी कपाळ चोळलं. "मी तुला जिंकूच असं सांगू शकत नाही. तसं सांगितलं तर मी तुला फसवलं असं होईल."

"आन् तवर आमी काय राखायचं?"

बाजारात मेंढराला तेव्हा भावही नव्हता. सगळंच मातीमोल झालं होतं त्या वर्षांत. बनाबाई बराच वेळ पायरीवर बसली. अनसूयाबाईंनी ताक आणून दिलं, ते तिनं प्यायलं.

"ऱ्हाऊ द्या मग, सायेब," ती म्हणाली.

वाडीवर येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, "म्या नगं म्हणून आले."

"बरं केलंस," तो म्हणाला.

होळीच्या सुमाराला निंगप्पा त्यांच्या खोपटापुढं येऊन उभा राहिला. बिरप्पा दोर वळत बसला होता.

"वाटणी करू," निंगप्पा म्हणाला.

"कशापायी?"

"कोर्टात झालीच हाय. माळावर तेवढी ऱ्हायली."

बिरप्पानं बनाबाईकडं बघितलं. ती चुलीपाशी होती. तिला वाटलं, आता हा सांगेल. पैशाचं सांगेल, त्या माणसाचं सांगेल, म्हणेल की जीभ घसरली. एवढं बोलला असता तर निंगप्पा मागं फिरला असता. बिरप्पानं दोराचा पीळ घट्ट केला.

"करा," तो म्हणाला.

तिनं सांगायला हवं होतं, असं तिला पुढं कितीदा वाटलं. पण नवऱ्यानं नको म्हटलेलं, आणि ज्याच्याशी आपण कधी समोरासमोर बोललो नाही त्या दिराला, आणि तेही नवऱ्याच्या तोंडावर! तिनं पदर पुढं ओढला आणि भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशी कळपाचे दोन भाग झाले. आया इकडं, कोकरं तिकडं अशी चुकामूक झाली. ती निस्तरेपर्यंत माळावर एकच ओरडा चालला होता. दोघे भाऊ एकमेकांशी फक्त मेंढरांच्या खाणाखुणांबद्दल बोलत होते.

पुढच्या दिवाळीनंतर आपला कळप घेऊन बनाबाई स्वतः बाहेर पडली. बरोबर वाडीतलं दुसरं एक कुटुंब होतं. बायकांनी मेंढरांमागं जावं यात नवं काही नव्हतं, पण कळपाची धनीण म्हणून पुढं चालायचं तिला नवं होतं. शेतकऱ्याशी दाण्याचं ठरवायचं, लांडग्याचा माग बघायचा, रस्ता ओलांडताना आधी आपण उभं राहायचं. सुरुवातीचे काही दिवस तिनं चाती हातात घेतलीच नाही. बिरप्पा मागं राहिला. निंगप्पाचे गुडघे धरले होते म्हणून त्याचा कळप पोरांनी नेला, आणि तोही मागं राहिला. दोन खोपटं, दोघे भाऊ, मध्ये हाकेचंही अंतर नाही. बिरप्पाची भाकरी केराबाई नेऊन द्यायची.

माघ सरत आला होता. बनाबाईचा कळप करकंबच्या बाजूला एका रानात बसला होता. दुपारी उन्हातून निंगप्पा येताना दिसला. काठी टेकत, लंगडत, एकटाच. रानात मेंढरांशिवाय तो तिनं आयुष्यात बघितला नव्हता. जवळ येण्याआधीच तिला समजलं.

तो बांधावर बसला. तिनं पाणी दिलं. बरोबरची बाई बाजूला झाली.

"कापलेल्या जागंला जखम झाली हुती," निंगप्पा म्हणाला. तिच्याशी तो सरळ असा पहिल्यांदाच बोलत होता. "मग ताप चढला, त्यो उतरलाच न्हाई. मंगळवेढ्याचा वैद्य आणला हुता म्या. तुला सांगावा धाडला, त्यो माणूस वाट चुकला असंल. माती दिली आन् मग निगालो."

बनाबाई रडली नाही. तोच पुढं बोलला.

"शेवटाला मला बलीवलं त्यानं. म्या जाऊन बसलो. कायतरी बोलंल म्हणून बसलो. त्यो बी माज्याकडं बघत ऱ्हायला. तेवढंच."

मग तिनं सांगितलं. पदर डोक्यावर होता, पण तोंड त्याच्याकडं होतं. कडुनिंब, घोंगडं, तो फेटेवाला, तो पैसा. निंगप्पा ऐकत होता.

"म्या पाणी आणाया गेलो तवा?"

"व्हय."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"नगं म्हणाला."

निंगप्पानं काठी आडवी टाकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भावाचा पाय मांडीवर धरून त्यानं सोलापूर गाठलं होतं, तेव्हासुद्धा त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिनं बघितलं नव्हतं. तिच्याही डोळ्यांना आता धार लागली. पलीकडं मेंढरं सावलीला एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत निघेल असं तिला वाटलं होतं. तिनं वाटेसाठी भाकरी बांधली. त्यानं भाकरी घेतली, काठी उचलली, आणि वाडीच्या वाटेला न लागता कळपाच्या पुढं जाऊन उभा राहिला. मेंढरं त्याला ओळखत होती. ती त्याच्यामागं निघाली.

पुढच्या वर्षी सोलापूरजवळून जाताना बनाबाई वकिलांच्या घरी आली. वेणीमाधव वकिलांनी तिला ओळखलं, आणि तिच्या कपाळाकडं बघून बिरप्पाचं विचारायचं ते थांबले. तिनंच सगळं सांगितलं, पैशाचंसुद्धा.

"मी त्याला उत्तर पढवत बसलो," वकील म्हणाले. "त्या दिवशी सकाळी त्याला एकदा नुसतं भेटलो असतो तर..."

तिनं पोतडीतून घोंगडं काढून ओसरीवर ठेवलं. तिच्याच सुताचं, सणगराकडून विणून घेतलेलं. वकील नको म्हणत होते. अनसूयाबाईंनी ते उचलून घेतलं आणि तिला जेवून जायला सांगितलं.

"न्हाई वो बाईसायेब, कळप गावाभाईर हाय. थोरलं भावजी एकटंच हायती. त्यांच्यासाटनं तंबाखू घ्यायचीय, आन् जायचं."

दुकान सापडायला तिला उशीर झाला. पुडी कनवटीला लावून ती भरभर चालू लागली. लॉऱ्या आता दिवसभर धावत होत्या, आणि निंगप्पाला अलीकडं कानानं कमी ऐकू येत होतं.